पटावरचं पाचवं नाव

“एकही पोर सरासरीच्या खाली दिसता कामा नये! सगळी वर पाहिजेत, सगळी!”

भालगडच्या तुळाजीमहाराजांनी हुकूम सोडला आणि निकालाचा कागद विसूमास्तरांच्या अंगावर फेकला. मास्तर संस्थानच्या शाळेत शेवटच्या दोन वर्षांना व्यवहारी गणित शिकवत. वर्गात पोरं चारच, आणि त्यातली दोन सरासरीच्या खाली निघाली होती.

“अर्धा वर्ग खाली! माझ्या राज्यात!” महाराज कडाडले. “महिन्याने पुन्हा परीक्षा घ्या. तेव्हा एक जरी पोर खाली सापडलं, तर वर्ग बंद!”

“आणि खोली शिकारी कुत्र्यांना द्यावी,” दिवाण रंगराव हळूच म्हणाले. कुत्र्यांनी आजवर एकही गणित चुकवलेलं नाही, असा त्यांचा मुद्दा होता.

“पण महाराज, सगळेच सरासरीच्या वर कसे असतील?” मास्तर काकुळतीला आले. “कुणी वर असला, की कुणीतरी खाली असणारच!”

“मग नीट शिकवा!” महाराज म्हणाले. झालं! आता राजाला सरासरी कोण समजावणार? मास्तर कागद उचलून घरी आले.

चौघांतली हौसा ही धोंडिबा गवंड्याची लेक. हे वर्ष पुरं झालं की तिला मोजणी कचेरीत जागा मिळणार होती. वर्ग बंद पडला तर जन्मभर घमेली उचलायची. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी वर्गात हुकूम सांगितला आणि तिला रडू आलं. तिने डोळे पदराला पुसले आणि पाटी घेतली.

“मास्तर, चौघांनाही सारखेच गुण पडले तर?”

“तर खाली कुणी नाही, पण वरही कुणी नाही. महाराजांना सगळे वर हवेत.”

हौसाने पाटी पुसली, पुन्हा मांडली. “मग एक करू. महिनाभर मी या तिघांना घासून घेते. फार मागे कुणी राहता कामा नये. बाकीचं माझ्याकडे लागलं.”

महिनाभर तिने तिघांना असं पिदडलं, की एकजण झोपेतही कौलं मोजायला लागला. परीक्षेच्या आदल्या दिवशी ती दरबारात उभी राहिली.

“महाराज, उद्या आम्ही वर आलो तर लोक म्हणतील, मास्तरांनी पेपर सोपा काढला. पेपर कसा आहे, ते एखाद्या हुशार माणसाने सोडवून पाहायला नको का?”

महाराजांनी दरबारभर नजर फिरवली. त्यांना हुशार माणूस एकच दिसला.

“आम्ही सोडवू! डोळे मिटून सोडवू!”

“पण पटावर नाव असल्याशिवाय पेपर देता येत नाही, महाराज. नियम दिवाणसाहेबांचाच आहे.”

“मग घाला नाव! त्यात काय एवढं?”

दिवाणांनी स्वतःच्या हाताने नाव घातलं, तेही ठळक अक्षरात.

दुसऱ्या दिवशी महाराज लोडाला टेकून पेपरला बसले. पहिला प्रश्न होता, बारा मजूर आठ दिवसांत विहीर खणतात, तर सहा मजुरांना किती दिवस लागतील? महाराजांनी लिहिलं, ‘उरलेले सहा कुठे पळाले, याची आधी चौकशी करावी.’ दोन नळांनी हौद किती वेळात भरेल? ‘भरेल तेव्हा भरेल. घाई कोणाला आहे?’ भिंतीला चुना किती लागेल? ‘गवंड्याला विचारावे.’ पेपर अर्ध्या तासात संपवून महाराज जेवायला गेले.

निकालाच्या दिवशी दरबार भरला. दाराशी कुत्री आणून ठेवली होती.

“ब्याऐंशी, चौऱ्याहत्तर, सत्तर, सहासष्ट,” दिवाणांनी वाचलं. “बेरीज दोनशे ब्याण्णव, भागिले चार, सरासरी त्र्याहत्तर. दोघं खाली! वर्ग बंद!”

मास्तरांनी डोळे मिटले. हौसा मात्र जागची हलली नाही.

“दिवाणसाहेब, पटावर नावं किती?”

“चार.”

“ठळक अक्षरातलं धरून?”

दिवाणांनी पट उघडला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. “पा… पाच.”

“मास्तर, पाचव्याचे गुण?”

“आठ,” मास्तर छताकडे बघत म्हणाले. “‘गवंड्याला विचारावे’ याचे दिले. व्यवहारात ते बरोबर आहे.”

“म्हणजे बेरीज तीनशे, भागिले पाच, सरासरी साठ. आम्ही चौघंही वर, महाराज!”

पण दिवाण कसले ऐकतात!

“तरी एकजण खाली आहेच की! वर्ग बंदच!”

“हुकूम काय आहे, दिवाणसाहेब? एकही पोर खाली दिसता कामा नये. खाली आहेत ते महाराज. त्यांना पोर म्हणायचं असेल, तर ते तुम्ही म्हणा. आमची काही छाती नाही!”

दिवाणांनी पटावर बोट ठेवलं. महाराजांकडे पाहिलं. पट मिटला.

महाराज आधी मिशीतल्या मिशीत हसले, मग खदखदून हसले, शेवटी लोड सोडून आडवे झाले. “अगं पोरी, मला खाली बसवून तुम्ही वर चढलात! वर्ग चालू राहील. मोजणी कचेरीतली जागा तुझी. आणखी काय हवं, बोल!”

“वर्ग गळतो, महाराज. बाराशे साठ कौलं लागतील.”

“मोजलीस कधी?”

“तुम्ही पेपर संपवून जेवायला गेलात तेव्हा. माझाही लिहून झाला होता.”

“दिली! आणि कुत्री दिवाणांच्या कचेरीत बांधा.” डोळे पुसत महाराज उठले, दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, “मास्तर, माझं नाव पटावरून काढू नका हं. पुढच्या परीक्षेलाही लागेल!”