ठेकेदारांचे पूल आणि दिवाणजींचा ताप

रानवडी संस्थानचे दिवाण त्रिंबकराव अंगात ताप असताना शाल गुंडाळून दरबारात आले, कारण आज त्यांना सरकारी बांधकाम खातं कायमचं बंद पाडायचं होतं. ताप असला तरी ऐट तीच!

"महाराज, मी एकूण एक पूल तपासलाय!" ते गरजले. "ठेकेदारांचे सगळे पूल उभे आहेत आणि खात्याचे निम्मे वाहून गेलेत. आणखी काय पुरावा हवा?"

दरबारात वाहवा झाली. महाराज हुकमावर शिक्का उमटवणार, तोच त्यांची थोरली बहीण आक्कासाहेब ताडकन उठल्या.

"थांबा आबासाहेब! मग आणखी एक हुकूम काढा. राजवैद्यांना घालवा आणि आजाऱ्यांना न्हाव्याकडे पाठवा. वैद्यांच्या हातून कितीतरी माणसं दगावतात, पण न्हाव्यापुढे बसलेला एकही मेला नाही!"

दरबार खो खो हसला. दिवाणजी भडकले, "अहो, न्हाव्याकडे धडधाकट माणसं जातात!"

"तेच म्हणतेय मी! आपल्याकडे कामं वाटताना पहिली निवड ठेकेदारांची. ते गुडघाभर पाण्याचे ओढे उचलतात आणि पुराच्या नद्या खात्याच्या गळ्यात पडतात. ओढ्यावर बांधलेला खात्याचा एक तरी पूल पडलाय का, सांगा!"

दिवाणजींनी कुडकुडत शाल आणखी घट्ट ओढून घेतली.

महाराजांनी शिक्का बाजूला ठेवला आणि काळजीच्या सुरात विचारलं, "दिवाणजी, तुम्ही तर तापाने फणफणलाय. बोला, वैद्य बोलावू की न्हावी?"