पाहुण्याचा पेला

वेंगुर्ल्याच्या बाजूला आंबेरखोल म्हणून एक लहान गाव आहे. तिथे पाहुण्याला पेला सगळ्यात शेवटी मिळतो. घरच्या काजूफेणीत कोकमाचा पाक, पिळलेलं लिंबू आणि वर चार थेंब 'कडू'. सातविणीची साल, काडेचिराईत आणि ईडलिंबाची साल फेणीत चाळीस दिवस मुरवली की हे कडू तयार होतं.

"मामा, हे तर अस्सल कॉकटेल! पण आम्हाला विसरलात की," पुण्याहून आलेली एक पाहुणी म्हणाली.

"इसारलंय नाय, बाय," यजमान लुद्रिकमामा म्हणाले. "तुमी शेवटी." मग त्यांनी कारण सांगितलं.

फार पूर्वी टेकडीवर गोऱ्यांची छावणी होती. एका वर्षी गावात हिवताप शिरला. तापावर गावातल्या आनामारीच्या हातचं कडू उतारा होतं म्हणे. छावणीच्या कप्तानाने ते चाखलं आणि त्याला आवडलं. औषध म्हणून नव्हे, संध्याकाळच्या पेल्यात चव म्हणून. हुकूम सुटला आणि शिपाई घराघरांतून बरण्या उचलून घेऊन गेले. खाली गाव तापाने फणफणत होतं, वर व्हरांड्यात साहेबलोक पेले भरत होते. याला निर्लज्जपणाशिवाय दुसरं नाव नाही.

आनामारीचा नवरा इनास अंथरुणाला खिळला. नवं कडू मुरायला चाळीस दिवस लागणार होते आणि त्याच्याकडे चार दिवसही नव्हते. तिने चुलीमागे एक कुपी लपवली होती. एका माणसापुरतं होतं तिच्यात. त्याला कडवट सोसत नसे, म्हणून तिने ते पेल्यात ओतून वर दुप्पट पाक घातला. तेवढ्यात दाराशी एक शिपाई कोसळला.

"बाई, थोडं कडू द्या. हाडं वाजतायत थंडीनं. साहेब आम्हाला हात लावू देत नाहीत त्याला."

तिने त्याला ओळखलं. याच हातांनी तिच्या बरण्या उचलल्या होत्या.

"आनामारी," इनास आतून म्हणाला, "दारात इल्लो तो पावणो. पयलो पेलो तेका."

"तेनाच आमच्यो बरण्यो व्हरल्यान मा!"

"म्हणान आमी पण तसाच वागाचा?"

नवऱ्याचा शब्द तिने कधी मोडला नव्हता. तेव्हाही मोडला नाही. शिपायाने पेला घटाघटा रिकामा केला. तिसऱ्या दिवशी इनास गेला.

दीड महिन्याने शिपाई ठणठणीत होऊन आला. "तुमच्या धन्याचे पाय धरायचेत," म्हणाला. आनामारीने त्याला बसवलं. नवं कडू नुकतंच मुरलं होतं. तिने स्वतःचा पेला भरला, कडू घातलं आणि प्यायली. मग शेजाऱ्यापाजाऱ्यांना दिले. सगळ्यांत शेवटी त्याला दिला, नुसत्या पाकाचा.

"ह्यात कडू नाही, बाई."

"तुझ्या वाट्याचा कडू तू पिऊन गेलंस," ती म्हणाली. धनी कुठे आहे, हे शिपायाला तेव्हा कळलं. तो रडला, असं सांगतात. ती रडली नाही.

आजही आंबेरखोलात पाहुण्याचा पेला गोडच असतो. कोणी हौसेने चार थेंब मागितले, तर यजमान मान खाली घालतो आणि बाटलीला बूच लावतो.