राजाला फार आवडलेलं गाणं

फार फार वर्षांपूर्वी, तुमच्या पणजोबांचे पणजोबा शाळा बुडवून चिंचा पाडत हिंडायचे तेव्हा, एका राज्यात एक गाणारं जोडपं होतं. नवऱ्याच्या हातात तुणतुणं, त्याला सगळे बुवा म्हणत. बायकोच्या हातात डफ, तिला डफवाली म्हणत. दोघं कुणाच्या चाकरीत नव्हते. गाणी स्वतः जुळवायचे, बाजारात गायचे आणि ऐकणाऱ्यांनी झोळीत टाकलेली भाकरी खायचे.

त्यांचा एक नेम होता. ज्याच्यावर गाणं रचलं, त्याच्याच दारात ते पहिल्यांदा म्हणायचं. आठवड्याच्या बाजारापर्यंत त्याने चूक सुधारली, तर गाणं कायमचं बंद. नाही सुधारली, तर भर बाजारात सगळ्यांसमोर.

एकदा दोघं तेलवाल्याच्या दारात उभे राहिले आणि बुडाला पोचा असलेल्या त्याच्या मापावर गाऊ लागले. तेलवाला धावत बाहेर आला. "अगं बाई, हळू! सासुरवाडीची माणसं आलीत घरात!" दुसऱ्या दिवशी दुकानात नवं माप. पाटलांनी लोकांच्या वाटेत म्हशी बांधायचं सोडलं, तेही असंच. त्यामुळे झालं काय, की या दोघांची सगळ्यात चांगली गाणी कुणी ऐकलीच नाहीत. हसू नका. तुमच्या दारात आले असते, तर तुम्हीही आतून कडी लावून माळ्यावर चढला असता.

त्या राज्याच्या राजाला हंसांचं भारी वेड. हंसांना पोहायला पाणी कमी पडू नये म्हणून त्याने तळ्यातून निघणाऱ्या पाटाचं दार बंद करून टाकलं. तळं काठोकाठ भरलं आणि पाटाखालच्या वाडीतल्या विहिरी तळाला गेल्या. बाया चिखल गाळून घागरी भरू लागल्या.

जोडप्याने गाणं रचलं आणि दोघं नेमाप्रमाणे थेट राजवाड्याच्या दारात जाऊन उभे राहिले. डफवालीने डफावर थाप मारली.

हंसाला पाणी मानेपर्यंत,
लेकराला पाणी जिभेपर्यंत.
हंसांचाच राजा असशील, तर सांग आम्हाला,
आम्हीही पंख लावून येतो.

शिपाई एकमेकांच्या मागे सरकले. प्रधानाने डोळे मिटून घेतले. पण राजाच्या डोळ्यांना चक्क धार लागली. "वा! काय काळजाला भिडलं! पुन्हा म्हणा."

पुन्हा म्हटलं. राजा म्हणाला, "आणखी एकदा."

सातव्या खेपेला बुवा म्हणाला, "महाराज, गाणं आवडलं, बरं वाटलं. पण पाटाच्या दाराचं काय?"

राजा दचकला. "दार उघडलं, तर तुमच्या नेमाप्रमाणे गाणं बंद होणार ना?"

"होणार."

"मग छे छे! इतकं सुंदर गाणं मी मरू देणार नाही. तुम्ही इथेच राहा. रोज जेवणानंतर गा."

इतका रसिक राजा तुम्ही पाहिला नसेल. नाही पाहिला तेच बरं.

दोघं राहिले. त्यांना वाटलं, आज ना उद्या राजाला पाझर फुटेल. राजा रोज रडायचा, रोज उपरण्याने डोळे पुसायचा आणि रोज विडा खाऊन झोपायचा. इकडे बुवाला तुपातला शिरा मिळू लागला.

बाजाराच्या आदल्या दिवशी डफवालीने विचारलं, "धनी, आज 'जिभेपर्यंत'वर किती हेलकावे दिलेत?"

"पाच! राजेसाहेब कसे डोलले, पाहिलंस ना?"

"तेवढ्यात वाडीतलं एखादं पोर तहानेनं रडून झोपलं असेल. तुमचा आवाज तुपावरून घसरायला लागलाय."

"म्हणजे मी वाईट गातो?"

"वाईट गायला असता तर बरं झालं असतं. उठा, उद्या बाजार आहे."

"आणि राजा रागावला तर?"

"तर डफ फोडेल. नवा मढवू."

"आणि शिरा?"

"तो तर गेलाच."

बुवाने ताटलीकडे एकदा डोळे भरून पाहिलं, मोठा उसासा टाकला आणि तुणतुणं उचललं.

दुसऱ्या दिवशी दोघांनी बाजारात गाणं म्हटलं, एकही हेलकावा न देता. शब्द सोपे, चाल त्याहून सोपी. संध्याकाळपर्यंत ते गुराख्यांच्या तोंडी गेलं, कुंभारणीच्या चाकावर फिरलं आणि राजवाड्याच्या मुदपाकखान्यात भांडी घासणाऱ्यांनीही उचललं.

सकाळी न्हावी राजाची दाढी करायला आला. अर्धी झाली, वस्तरा गळ्यापाशी आला आणि न्हावी गुणगुणू लागला, "हंसाला पाणी मानेपर्यंत..." मग थांबला. वस्तरा तिथेच.

"महाराज, पुढची ओळ काय हो? तुम्हाला तर पाठ असेल."

"आधी वस्तरा काढ!"

"काढतो की. पण ओळ अडली, की माझा हातही अडतो बघा. खोडच आहे."

तो खरंच विसरला होता की नाही, ते मला विचारू नका.

राजाला म्हणावंच लागलं. "लेकराला पाणी... जिभेपर्यंत."

"आणि पुढे?"

"हंसांचाच राजा असशील, तर..." इतके दिवस राजा कुठल्या तरी दुसऱ्याच राजाच्या नावाने रडत होता. आज शब्द स्वतःच्या तोंडात आले आणि हा राजा कोण, ते त्याला कळलं.

तो तसाच उठला. एक गाल गुळगुळीत, एका गालावर दाढी. तळ्यावर गेला आणि पाटाच्या दाराची फळी स्वतःच्या हाताने वर ओढली. पाणी धावत सुटलं, आणि हंसही त्याच्याबरोबर पोहत वाडीत पोचले. बायांनी घागरी बाजूला ठेवून आधी पाय बुडवले. जोडप्याचं आणखी एक चांगलं गाणं संपलं, आणि दोघं खुशीत पुढच्या गावाला निघाले.

राजा पाटाच्या कडेकडेने चालत वाडीपर्यंत आला, तोवर चांगलाच दमला होता. तिथल्या एका म्हातारीने त्याला तांब्याभर पाणी दिलं आणि त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

"कुणाचा रे तू? आणि दाढी अर्धीच का?"

"घाईत निघालो, आजी."

"घाई केलीस ते बरं केलंस," म्हातारी म्हणाली. "पी अजून. आता आहे भरपूर."

तात्पर्य: खऱ्या गाण्याला मान डोलावून भागत नाही, ते सांगतं ते करावं लागतं.