साळूची गाडी कातळावर कशी गेली

सागाच्या एका जंगलात एक साळू राहत असे. साळू म्हणजे साळिंदर, बाळांनो. अंगभर काटे आणि स्वभावही थोडा तसाच. आदल्या उन्हाळ्यात वठलेल्या सागाची फांदी तिच्या कमरेवर पडली आणि मागचे दोन्ही पाय कायमचे गेले. सुतारपक्ष्याने तिला एक फळी कोरून दिली आणि फळीला दोन चाके बसवली. मागचे अंग त्या गाडीवर टाकायचे आणि पुढच्या पायांनी ओढत न्यायचे, असे तिचे चाले. सपाट वाटेवर ती भल्याभल्यांना मागे टाकी. उभा चढ आला की मात्र गाडी अडे.

आता त्या जंगलाची एक रीत होती. पावसाळा तोंडावर आला की सगळी जनावरे मधल्या उंच कातळावर जमत आणि बिळांच्या जागा वाटून घेत. कातळावर जो हजर असेल त्याने हवी ती जागा मागायची. जो नसेल त्याने उरलेली घ्यायची. वर जायला दगडाचे मोठमोठे टप्पे होते, त्यामुळे गेल्या वर्षी साळू खालीच राहिली. तिला उचलून नेणार तरी कोण? काटे टोचून घ्यायची कोणाचीच तयारी नव्हती. तेव्हा कोल्हा अगदी गोड आवाजात म्हणाला होता, "तू कशाला त्रास घेतेस ताई? तुझं म्हणणं मी वर सांगतो." त्याने वर काय सांगितले कोण जाणे! साळूच्या वाट्याला ओढ्याकाठचे बीळ आले आणि हिरड्याखालची उंच, कोरडी जागा कोल्ह्याच्या भाच्याला मिळाली. ओढा फुगला तसे बीळ पाण्याने भरले. साळूने सारा पावसाळा करवंदीच्या जाळीखाली कुडकुडत काढला.

यंदा तिला पिले होणार होती. ओल्या बिळात पिले जगत नाहीत, हे तिला कोणी सांगायला नको होते.

सभेचे दिवस जवळ आले तसा कोल्हा पुन्हा आला. "यंदाही मी आहेच की," तो म्हणाला.

"नको," साळू म्हणाली. "माझं म्हणणं माझ्याच तोंडून वर जाईल."

"आणि तू वर जाणार कशी?"

"गाडीतून."

कोल्हा हसला आणि शेपटी झुलवत निघून गेला. साळूला राग आला. पण रागाने गाडी चढत नाही. ती तडक घुशीकडे गेली. माती उकरण्यात आणि रचण्यात घुशीचा हात धरणारे त्या जंगलात कोणी नव्हते, आणि हे घूस स्वतःच सगळ्यांना सांगत असे.

"चढणच हवी ना? झालीच समज," घूस म्हणाली आणि लगेच कामाला लागली. तिने मुरूम आणला, माती आणली, कातळाला टेकवून ढीग रचला, वरून थापून गुळगुळीत केला. चढण आखूड ठेवली, म्हणजे मातीही कमी आणि मेहनतही कमी. मग ती स्वतः सरसर वर गेली, सरसर खाली आली आणि मिशांवरून पंजा फिरवत म्हणाली, "बघ. याला म्हणतात काम."

साळूने गाडी लावली. पुढचे पाय रोवले, ओढले, पुन्हा ओढले. निम्म्यावर गाडी मागे खेचू लागली आणि साळू गाडीसकट गडगडत खाली आली. तिचे बरेच काटे मोडले. तिला क्षणभर रडू कोसळले, पण पोटाला लागले नाही ना, हे तिने आधी चाचपून पाहिले.

"तुझा जोर कमी पडतोय," घूस म्हणाली.

"माझ्या जोराला काही झालेलं नाही. तुझी चढण उभी आहे."

"मी तर सहज गेले!"

"तू चार पायांवर गेलीस. जरा माझ्या गाडीवर बस आणि जा."

घुशीला हा आपला अपमान वाटला. तरीही ती हट्टाने फळीवर बसली, मागचे पाय तिने वेलीने बांधून घेतले आणि निघाली. साळू जिथवर पोचली होती तिथवरही ती गेली नाही. चाके उलटी फिरली आणि घूस थेट करवंदीत जाऊन पडली. तिने अंगातले काटे एकेक करून काढले. नंतर उठली आणि स्वतःची चढण स्वतःच उकरू लागली.

"लांबून आणावी लागेल," ती म्हणाली. "जितकी लांब, तितकी सोपी. पण समोर कोल्ह्याची उन्हं खायची जागा येते."

कोल्ह्याने जागा द्यायला साफ नकार दिला. "एका साळूसाठी अख्ख्या जंगलाची माती हलवायची?" तो म्हणाला. घुशीने हात टेकले. साळूने मात्र कातळाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "त्याच्या जागेला वळसा घालू. वळणावर थोडं सपाट ठेव, म्हणजे मला दम घेता येईल." मग दोघी जिद्दीला पेटल्या. घूस माती रची आणि साळू गाडीवर मुरूम लादून आणी. चाक घसरून खाली जाऊ नये म्हणून कडेने त्यांनी दगड बसवले. हाताभर काम झाले की घूस स्वतः गाडीवर बसून ते तपासून पाही, आणि मगच पुढे सरके.

सभेचा दिवस उजाडला तेव्हा वरचा थोडा भाग ओलाच होता. तिकडे म्हातारे अस्वल वाटणीला बसले. अर्धीअधिक जागा वाटून झाल्यावर कोल्हा उठला. "साळूताईच्या वतीने सांगतो, तिला ओढ्याकाठचीच जागा आवडते. पाणी कसं जवळ पडतं."

त्याच वेळी साळू वळणावर पोचली होती. तिने दम घेतला आणि शेवटच्या चढाला लागली. ओल्या मातीत एक चाक रुतले. घूस मागून ढकलायला धावली, तर साळू म्हणाली, "थांब. मला जमतंय." तिने गाडी जराशी मागे घेतली, चाक कोरड्या कडेला लावले आणि सगळा जोर लावून ओढले. दुसऱ्याच क्षणी ती कातळावर होती.

"माझ्या वतीने कोणी बोलू नका," ती धापा टाकत म्हणाली. "मी आले आहे. मला ओढ्याकाठची जागा नको. गेल्या वर्षी ती बुडाली. मला पिलं होणार आहेत. मला हिरड्याखालची जागा हवी."

"तिथे माझा भाचा राहतो," कोल्हा म्हणाला.

"तुझा भाचा उड्या मारत कुठेही जाईल," अस्वल म्हणाले. "जागा साळूची."

एवढ्यात मागे खरखर ऐकू आली. साळूच्याच चढणीवरून एक कासव वर येत होते. त्याच्यामागून एक लंगडे भेकर आले, आणि त्याच्या शेपटीला धरून एक आंधळे मुंगूस. अस्वल त्यांच्याकडे पाहतच राहिले. "तुम्ही कधी सभेला दिसला नाहीत," ते म्हणाले.

"दरवर्षी येतो की," कासव म्हणाले. "खालच्या दगडापाशी बसून असतो."

अस्वलाने मान खाली घातली. मग ते म्हणाले, "बाकीची वाटणी मोडा. पुन्हा पहिल्यापासून करू. इतकी वर्षं आपण सगळे जमलोय असं समजत होतो."

या गोष्टीचे तात्पर्य : ज्याला वर येता येत नाही त्याच्या वतीने बोलण्यापेक्षा त्याच्यासाठी वाट बांधावी, आणि बांधताना एकदा त्याच्या जागी बसून पाहावे.