रंगाखालचं लोखंड

एकदा एका खाडीकाठच्या गावी मोटारींचे दिवे दुरुस्त करणारा एक वृद्ध कारागीर राहत असे. ज्ञानी माणूस वडाखालीच सापडतो अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी खुशाल वडाखाली जावं. हा सदोदित कुणाच्या तरी डॅशबोर्डखाली डोकं घालून उताणा पडलेला असे. गाव त्याला तात्या म्हणे. त्याच्या हाताखाली कुंदा नावाची शिष्या होती. होय, शिष्याच, कपाळाला आठ्या घालू नका. तीस वर्षांची, आयटीआयचं प्रमाणपत्र मिळवलेली, हुशार, आणि आपण हुशार आहोत हे क्षणभरही न विसरणारी.

त्याच गावी मोरेश्वर नावाचा काजूचा व्यापारी होता. त्याच्या गाडीतला आतला दिवा रुसला. दार उघडताच जो आपोआप लागायचा, तो लागेना. कुणी आधी आत हात घालून छतावरचं बटण दाबलं तर लागे. पण हात घालणार कोण? ड्रायव्हर फाटक उघडायला गेलेला आणि शेठ पुढच्या सीटवर फोन कानाला लावून बसलेले.

एवढ्याशा दिव्याचं काय घेऊन बसलात, असं तुम्ही म्हणाल. ते व्यापाऱ्याच्या आईला म्हणून दाखवा. तिला तिन्हीसांजेनंतर अंधुक दिसे. महिन्यापूर्वी गाडीत चढताना तिला पाय ठेवायची जागा दिसली नाही, पाऊल चुकलं आणि ती दाराच्या कडेवर आपटली. गुडघ्याची सूज उतरली. पण "त्या काळोखात मी पुन्हा पाऊल टाकणार नाही," असं म्हणून ती बसली ती बसलीच. दुसरी गाडी आणू म्हटलं तरी ऐकेना. "जाईन तर पोराच्या गाडीतून," म्हणाली. आणि दोन डोंगरांपलीकडे तिची थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली होती. जो येईल त्याला ती एकच विचारत होती, "धाकटी आली का?"

कुंदा तीन खेपा करून आली. पहिल्या खेपेला तिने बल्ब बदलला, दुसऱ्या खेपेला फ्यूज. हाताने दिवा लागतो म्हणजे बल्ब आणि फ्यूज शाबूत आहेत, हे कुणीही सांगेल. पण हुशार माणसाला घाई फार. तिसऱ्या खेपेला तिने दाराच्या चौकटीतलं छोटं बटण बदललं. दार मिटलं की ते दाबलं जातं, उघडलं की बाहेर येऊन दिवा लावतं. नवं कोरं बटण, तरी दिवा ढिम्म. चारही दारांची तीच गत.

"तात्या, वायरिंगच गेलंय," ती म्हणाली. "छत खोलावं लागणार."

तात्यांनी पिशवी उचलली.

व्यापाऱ्याच्या अंगणात गाडी आरशासारखी चकाकत होती. दिवस कलला होता. कुंदा तडक गाडीकडे गेली. तात्या मात्र ओटीवर म्हातारीशेजारी जाऊन टेकले.

"वहिनी, दिवा कधीपासून लागत नाही?"

"गाडी रंगवली तेव्हापासून," म्हातारी फटकन म्हणाली. "मोरूला व्यापारी मंडळाचा अध्यक्ष केला ना! मग गाडी रंगवली, घर रंगवलं, स्वतःचे केसही रंगवले."

"आई, लोकांसमोर काय हे," व्यापारी पुटपुटला.

"आणि त्याआधी?"

"त्याआधी दिवा लागत होता, आणि हा मला हाताला धरून आत बसवत होता. आता ड्रायव्हरला सांगतो, 'मातोश्रींना बसवून घ्या.' मातोश्री! मी काय लग्नाची पत्रिका आहे?"

तात्या हसले नाहीत. उठून त्यांनी ड्रायव्हरशेजारच्या सीटचं दार उघडलं, चौकटीतल्या बटणाचा स्क्रू काढला, बटण बाजूला केलं आणि आत पाहिलं. मग पिशवीतून पॉलिश पेपरचा तुकडा काढला. कुंदाने हात पुढे केला. तात्यांनी तो तिला ओलांडून व्यापाऱ्याच्या हातात दिला.

"शेठ, इथे खरवडा."

"अहो, नवा रंग आहे! दोन हात मारलेत!"

"दिसतंय."

"मग हिला सांगा की. हे काय माझं काम आहे?"

"आजचं तुमचंच आहे."

वृद्ध माणसाने शांतपणे सांगितलेलं मोडवत नाही. व्यापारी पांढऱ्या विजारीनिशी उकिडवा बसला आणि कुरकुरत घासू लागला. पांढरा रंग भुकटी होऊन गळाला. खालून निळा निघाला.

"हा आपला जुना निळा," तो स्वतःशीच म्हणाला.

ओटीवरून आवाज आला, "निळी होती तेव्हा घाटात मला उलटी आली होती. ह्यानं डोक्यावरची टोपी काढून पुढे धरली. नवी टोपी होती."

व्यापाऱ्याचा हात थांबला.

"आणखी," तात्या म्हणाले. "लोखंड दिसेपर्यंत."

तो पुन्हा घासू लागला, आता कुरकुर न करता. चिंचोक्याएवढी जागा उघडी झाली आणि लोखंड चमकलं. तात्यांनी बटण जागच्या जागी बसवून स्क्रू आवळला. गाडीतल्या पायपुसण्यावर पिवळा उजेड पडला.

कुंदा बघतच राहिली.

तात्या म्हणाले, "वीज दिव्यापर्यंत येते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तिला परतही जायचं असतं, हे कुणाच्या ध्यानात नसतं. छतावरचं बटण दाबलं तर ती छताच्या लोखंडातून परत जाते, तिथे रंग पोचलेला नाही. दाराच्या बटणाला मात्र परतीची वेगळी तार नाही. हा स्क्रू आणि हे गाडीचं लोखंड, हीच तिची वाट. रंगाऱ्याने चौकटी रंगवल्या आणि रंगावरच बटणं आवळून दिली. रंग वाईट नाही, शेठ. आपल्याकडे खारं वारं, रंग हवाच. पण जिथे एकाचा दुसऱ्याशी जोड आहे, तिथे लोखंडाला लोखंड भिडलं पाहिजे. तिथे रंग आला की अंधार." मग ग्रीसची डबी काढून त्यांनी बॉनेटवर ठेवली. "उघड्या लोखंडाला गंज धरतो. जोडावरून हे लावा, आणि वर्षाकाठी एकदा खोलून बघत जा. बाकीची दारं उद्या कुंदा करील."

व्यापारी पॉलिश पेपर हातात घेऊन तसाच उभा होता. मग त्याने फाटकाशी उभ्या असलेल्या ड्रायव्हरला घरी जायला सांगितलं, आणि ओटीच्या पायरीशी जाऊन हात पुढे केला.

"आये, ऊठ. मावशीकडे जाऊ."

"आत्ता? आणि तुझी ती मीटिंग?"

"ऊठ गं."

म्हातारीने त्याच्या तळव्यावर हात ठेवला आणि लगेच म्हणाली, "हात केवढे खरबरीत झालेत तुझे." ती रंगाची भुकटी होती. पण दोघांपैकी कुणी ती झटकली नाही. त्याने वाकून तिचं पाऊल दोन्ही हातांनी उचलून उजेडात ठेवलं.

परतीच्या वाटेवर कुंदा म्हणाली, "मी का नको होते खरवडायला? माझं दोन मिनिटांचं काम."

"तू खरवडलं असतंस तर दिवा लागला असता."

"मग?"

"मग तो म्हातारीला ड्रायव्हरने दाखवला असता."

कुंदा चार पावलं चालली. "मी तीनदा गेले, तात्या. ती तिथेच बसलेली असायची. मी एकदाही तिला काही विचारलं नाही."

तात्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. शिष्याला स्वतःहून दिसलं ते गुरूने पुन्हा दाखवू नये.

एवढ्यात मागून ती गाडी आली आणि त्यांना ओलांडून घाटाच्या रस्त्याला लागली. दारं नीट मिटलेली होती, तरी आतला दिवा लागलेलाच होता. त्या पिवळ्या उजेडात दोन डोकी दिसली, पुढच्या दोन सीटवर शेजारी शेजारी.

दिवा पुन्हा बिघडला असं वाटून कुंदाने हाक मारायला हात वर केला. मग तिच्या ध्यानात आलं, तो कुणीतरी हाताने लावला होता. तिने हात खाली घेतला, आणि वळणाआड जाईपर्यंत ती त्या दिव्याकडे पाहत राहिली.