गोजराचं मातेरं

पांघरूण ओढून घ्या. पाय आत. ऐका आता.

एका मुलखात एक राजा होता. पण गोष्ट त्याची नाही, बरं का. गोष्ट आहे गोजराची. राजा मधेमधे येतो, दुधात माशी पडावी तसा.

त्या मुलखात शब्द शेतात पिकायचे. जोंधळ्याला कणीस येतं ना, तसं तिथं बोलाचं कणीस यायचं. लोक ते कापायचे, मळायचे, कणगीत भरायचे आणि वर्षभर पुरवून पुरवून बोलायचे. गरिबाच्या कणगीत थोडे, श्रीमंताच्या कणगीत रगड. पण लेकराला लाडानं हाक मारण्यापुरते शब्द प्रत्येकाच्या घरात असत.

गोजरा राजाच्या खळ्यावर झाडलोट करायची. नवरा देवाघरी गेलेला. एक लेक होती, येसू, चार वर्षांची. खळ्यावर धूळ उडते, बैलांचे पाय पडतात, म्हणून गोजरा तिला ओढ्याकाठच्या चिंचेखाली बसवून जायची आणि रोज बजावायची, "मी नावानं हाक मारीन तेव्हाच उठायचं. परक्या कुणाच्या मागं जायचं नाही. कळलं का?"

"कळलं," येसू म्हणायची. "पण लवकर मार."

मग दिवस कलला की गोजरा बांधावर उभी राहून हाक घालायची, "येसूऽऽ." की येसू धावत यायची, गुडघ्यांना माती, ओच्यात चिंचा.

आता खळ्याची एक रीत सांगतो, ती ध्यानात ठेवा. मळणी झाली, चाळण फिरली, की चांगलं टपोरं धान्य वर राहतं आणि बारीक कणी मातीत गळून पडते. त्याला म्हणतात मातेरं. ते मातेरं झाडणारीचं. खळं राजाचं असलं तरी मातेरं झाडणारीचंच. राजा गादीवर बसला त्या दिवशी खळ्याच्या मधोमध रोवलेल्या मेढीला हात लावून त्यानंच तसं कबूल केलं होतं, सगळ्या गावासमोर. मेढीला हात लावून दिलेला शब्द मोडला, तर त्या रानात पुन्हा कणीस धरत नाही.

मग एकदा काय झालं, राजा हत्तीवरून चालला होता. वाटेत एक बाई भाकरी थापत होती. पोराला म्हणत होती, "ये रे, ऊन ऊन आहे, मऊ आहे, खा."

राजाला राग आला. त्याचं असंच असायचं. राग आधी यायचा, कारण मागून यायचं.

"ऊन काय, मऊ काय," तो कारभाऱ्याला म्हणाला. "कोणती वस्तू कशी आहे, हे या भाकरी थापणाऱ्यांनी ठरवायचं? आणा ते गुणाचे शब्द माझ्या कोठारात."

झालं. दवंडी पिटली. लोकांच्या कणग्या खळ्यावर ओतल्या, चाळणी फिरल्या. गोड, लाल, मऊ, लांब, शहाणा, गोजिरी, सगळे गुणाचे शब्द पोत्यात भरून कोठारात गेले. बाकीचे लोकांना परत दिले.

त्या संध्याकाळी येसूनं चिंच तोंडात घातली. डोळे मिटले, खांदे वर गेले. "आई, ही चिंच... आई, ही चिंच ना..." पुढं शब्दच नाही. चिंचेला आता चवच उरली नव्हती सांगायला. येसू रडायला लागली. गोजराच्या छातीत राग उठला. तिनं तो गिळला. गरिबाला राग गिळायची सवय असते.

खळ्यावर मूठभर मातेरं पडलं होतं. कारभारी हसला. "घे गोजरे, तुझं सोनं."

काय होतं त्या मातेऱ्यात? आणि. पण. का. तर. की. झालंच तर ला, नं, चा, त. दिसायला अगदी कणी. पण तिचा गुण ऐका. घोडा एकटा असला की कसा ताठ असतो, घोडा. त्याच्याजवळ हा एवढासा 'ला' येऊन उभा राहू दे, घोडा लगेच मान वाकवतो आणि होतो घोड्याला. आंबा वाकतो, आंब्याचा. ओढा वाकतो, ओढ्यात. मोठे मोठे शब्द त्या कणीपुढं वाकतात. आणि 'पण'? तो कुणापुढं वाकत नाही. बाईपुढं पण, बुवापुढं पण, दहाजणांपुढंही पण. राजापुढंसुद्धा पण तो पणच.

गोजराला हे काही ठाऊक नव्हतं. तिनं आपलं मातेरं मडक्यात घातलं. कण्या शिजवून खाणारी बाई ती, कणी टाकून देणार नाही.

मग दुसऱ्या वर्षी राजा गच्चीवर उभा होता. खाली शेतात खुरपणीच्या बाया कशावरून तरी हसत होत्या. राजा म्हणाला, "मी सांगितलं नाही, तरी हसतात कशा या?"

करणीचे शब्द गेले. ये, जा, ऊठ, बस, खा, हस, नाच, सगळे चाळले आणि कोठारात टाकले. मग रोज सकाळी कारभारी दारोदार एकेक शब्द वाटायचा. तुला आज 'काप'. तुला 'उपस'. तुला 'वाहा'. लोक कापायचे, उपसायचे, वाहायचे. संध्याकाळी कारभारी तो शब्दही काढून घ्यायचा. 'हस' कुणाच्या वाट्याला आला नाही. आणि 'नीज' तर नाहीच नाही.

गोजरा रात्री येसूच्या पाठीवर थापटायची. ओठ हलवायची. पण 'नीज' म्हटल्याशिवाय लेकराला झोप कशी लागावी? येसूचे डोळे टक्क उघडे. घराघरात तेच. सगळ्या मुलखातली मुलं सुजलेल्या डोळ्यांनी छपराकडं बघत पडलेली.

या खेपेचा राग गिळला जाईना. तो गोजराच्या दातांत अडकला. ती दिवसभर दात खात खळं झाडायची. झाडूच्या काड्या मोडायच्या. मातेरं निघालं सूपभर. तिनं तेही मडक्यात घातलं.

आता लोकांकडं मोठे शब्द म्हणावेत तर नावंच राहिली होती. पण नावांवरही माणूस जगतो, बरं का. विहिरीवर एकीनं म्हणायचं, "सोनाक्का." दुसरीनं म्हणायचं, "तान्हूबाई." तेवढ्यात सगळं बोलणं व्हायचं. आणि दिवस कलला की बांधाबांधावरून आया हाका घालायच्या. येसूऽऽ. भिवाऽऽ. ठकीऽऽ. सगळं रान नावांनी भरून जायचं.

ते राजानं ऐकलं.

"माझं नाव सोडून एवढी नावं हवीत कशाला?" तो म्हणाला. आणि तिसऱ्या खेपेला नावं उचलली. माणसांची, गाईगुरांची, झाडांची, नात्यांची. 'आई'सुद्धा उचलला.

त्या दिवशी राजाला आणखी एक खूळ सुचलं. त्यानं आपल्या स्वतःच्या कोठारात मूठ घातली, तर हाताला कणी लागली. नाक मुरडून म्हणाला, "राजाच्या कोठारात कण्या? शोभत नाही. माझंही चाळा. सगळं चाळा. कणी दिसता कामा नये."

कारभाऱ्यानं राजाचं चाळलं, स्वतःचंही चाळलं. टोपलीभर मातेरं पडलं. गोजरानं ते गोळा केलं.

मग दिवस कलला. गोजरा बांधावर गेली. तोंड उघडलं. आतून काहीच आलं नाही.

तिनं गळ्याला हात लावला. पुन्हा तोंड उघडलं. शेजारच्या बांधावर भिवाची आई तशीच उभी होती, तोंड उघडं टाकून. पलीकडं ठकीची आई. सगळ्या रानात आया उभ्या, आणि रान गप्प.

गोजरा पळत चिंचेखाली गेली. येसू होती. पण येसूनं तिच्याकडं असं पाहिलं, जसं वाटेनं जाणाऱ्या कुणाही बाईकडं पाहावं. 'आई' कोठारात, तर समोर उभी आहे ती कोण, हे पोरीला कसं कळावं? गोजरानं तिचा हात धरला. येसू तिला चावली. हात सोडवून सरसर झाडावर चढली आणि फांदीला घट्ट मिठी मारून बसली. परक्याच्या मागं जायचं नाही. शहाणी पोर. आईनं शिकवलेलं तंतोतंत पाळत होती.

ओढ्याच्या पलीकडं लांडग्यांचं रान. दिवस बुडायला दोन कासरे उरलेला.

तेव्हा गोजराचा राग उठला. आता तो छातीत नव्हता की दातांत नव्हता. तो डोक्याच्या केसापासून पायाच्या नखापर्यंत होता. धावत घरी जाऊन, मातेऱ्याचं मडकं टोपलीत रिकामं करून तिनं टोपली डोक्यावर घेतली आणि ती गावात शिरली. पहिल्या दारात भिवाची आई कपाळ धरून बसली होती. गोजरानं तिच्या पदरात मूठ ओतली. दुसऱ्या दारात ओतली. तिसऱ्या दारात ओतली. भिवाच्या आईनं एक कणी जिभेवर ठेवली आणि तिच्या तोंडून शब्द निघाला, "आणि." ती उठून गोजराच्या शेजारी आली. मग ठकीची आई आली. आणि कुंभार. आणि त्याची म्हातारी. आणि, आणि, आणि. करता करता सगळं गाव खळ्यावर आलं, एकमेकांचे हात घट्ट धरून. कुणी ओरडत नव्हतं. सगळ्यांच्या तोंडात एकच शब्द होता. "का?" आधी हळू. मग मोठ्यानं. "का? का?"

राजा खळ्याशेजारच्या वाड्यातून बाहेर आला. त्याचीही दैना झाली होती. दुपारपासून उपाशी होता. 'जेवण, राजा, वाढ' असं आचाऱ्याला सांगून थकला. आचारी म्हणजे घाबरट माणूस. कुणाला काय वाढायचं, जेवण राजाला की राजा जेवणाला, हे त्याला कळेना. तो चुलीमागं लपून बसला होता.

गर्दी पाहून राजा लाल झाला. गोजराकडं बोट करून ओरडला, "शिपाई, बाई, मार."

शिपायांनी एकमेकांकडं पाहिलं. मारणार कोण, मार खाणार कोण? पुढच्या शिपायानं गोजराचे डोळे पाहिले आणि आपणच पाठीवर ढाल धरली. कुणी हसलं असतं, पण 'हस' कोठारात होता.

मग राजाच्या ध्यानात आलं. कोठार तुडुंब भरलेलं, आणि आपल्याला साधी भाकरी मागता येत नाही. सगळं अडलंय त्या टोपलीपाशी. तो पुढं झाला आणि टोपलीत हात घालणार, तोच गोजरानं मेढीवर हात ठेवला. धाडकन ठेवला. मेढ हलली.

"पण," गोजरा म्हणाली.

राजाचा हात थांबला. मेढीला हात लावून आपण काय कबूल केलं होतं, ते त्याला आठवलं. मातेरं झाडणारीचं. गाव बघत होतं. शिपाईसुद्धा बघत होते, त्यांचीही पोरं कुठल्या ना कुठल्या झाडाखाली बसली होती.

राजा धूर्त होता. तो आत गेला आणि एक दाणा मुठीत घेऊन आला. मूठ उघडली. तळहातावर 'येसू'. त्यानं तो दाणा गोजरापुढं धरला आणि टोपलीकडं बोट केलं. हे घे, ते दे.

गोजरानं दाण्याकडं पाहिलं. दिवस एक कासरा उरला होता. दाणा उचलायचा, बांधावर पळायचं, हाक मारायची, संपलं. तिचा दुसरा हात उठलासुद्धा. मग शेजारी भिवाच्या आईचा श्वास ऐकू आला. ती काही मागत नव्हती. मागायला तिच्याकडं शब्दच नव्हते. ती नुसती त्या दाण्याकडं बघत होती.

गोजरानं दाणा उचलला, मुठीत घट्ट धरला, आणि राजाच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाली, "आणि?"

राजानं 'भिवा' आणला. भिवाच्या आईनं तो झडप घालून घेतला.

"आणि?" गोजरा म्हणाली.

'ठकी' आला.

"आणि?"

राजा चिडला, पाय आपटले. गोजराचा हात मेढीवरून हलला नाही. मग सगळं गाव म्हणायला लागलं, "आणि?" राजानं पोतं ओढत आणलं. आणि? दुसरं आणलं. आणि? शिपायांनी ढाली टाकल्या आणि तेही पोती ओढू लागले. नावं आली, त्यांत 'आई'ही आला, करणीचे शब्द आले, गुणाचे शब्द आले. शेवटी राजानं कोठार झाडून दाखवलं, धुळीनं माखलेला, घामाघूम झालेला. तेव्हा गोजरानं मेढीवरचा हात काढला आणि टोपली गावापुढं उपडी केली. प्रत्येकाला मूठ मूठ. राजालाही एक मूठ दिली. जास्त नाही.

आणि ती पळत सुटली. दिवस डोंगराला टेकला होता. बांधावर चढून तिनं दाणा जिभेवर ठेवला.

"येसूऽऽ."

चिंच हलली. येसू खाली उतरली, धावत आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"किती उशीर, आई. मला राग आलाय."

"मलाही आलाय," गोजरा म्हणाली, आणि तिनं तिला उचलून घेतलं.

"आई, चिंच आंबट आहे."

"हो गं माझी बाय. आंबटढाण आहे."

बांधाबांधावरून हाका उठल्या. भिवाऽऽ. ठकीऽऽ. लांडगे रानातच राहिले.

पुढं सगळे आपापल्या घरी नांदले, हसले, भांडले, ऊन भाकरी खाल्ली. राजा राजाच राहिला. फक्त तो फार बोलायला लागला की मागून कुणीतरी हळूच म्हणायचं, "पण." आणि राजा थांबायचा. गोजराचा राग? तो गेला नाही. तिनं तो चुलीतल्या निखाऱ्यासारखा राखेखाली जपून ठेवला, वेळेला लागतो म्हणून.

आणि?

आणि काही नाही. त्या रात्री गोजरानं येसूच्या पाठीवर थापटलं आणि इतके दिवस कोठारात कोंडलेला तो शब्द तिच्या कानात म्हटला. येसूचे डोळे मिटले. भिवाचे मिटले, ठकीचे मिटले. मग तो शब्द घराघरातून फिरत फिरत आज आपल्या उशीपर्यंत आला.

नीज आता. नीज.