तहकुबी नामंजूर

फार पूर्वी, माझ्या पाठीवर शेवाळ धरलं नव्हतं तेव्हा, मी बाभूळवनाचा न्यायाधीश होतो. मी कासव. हळू चालतो म्हणजे खोल विचार करत असणार, असं सगळ्यांना वाटायचं. मीही कधी कुणाचा गैरसमज दूर केला नाही.

एका निवडणुकीच्या तोंडावर सरपंच कावळ्यानं प्रभाग नव्यानं आखले. सुगरणींची चाळीस घरटी एकाच फांदीवर होती. त्यानं त्या फांदीचे चार वाटे केले आणि एकेक वाटा कावळ्यांच्या फांद्यांना जोडून टाकला. आता एकही सुगरण निवडून येणं शक्य नव्हतं. त्या तडक नदीवर माझ्याकडे आल्या.

कावळा नम्रपणे म्हणाला, "महाराज, कागदपत्रं जमवायचीत. निवडणुकीनंतरची तारीख द्या."

म्हातारी सुगरण तडकली, "मग निकाल काय चाटायचाय? मतदान आठ दिवसांवर आलंय. आत्ताच ऐका!"

मला स्फुरण चढलं. "तहकुबी नामंजूर!" मी गरजलो. "उशीर मला खपत नाही. मी आत्ताच्या आत्ता स्वतः जाऊन फांदी बघणार!"

टाळ्या पडल्या. मी निघालो. वाटेत निकालाचं भाषण घोकलं, त्यातल्या एका वाक्यावर तर स्वतःच खूश होऊन दोन दिवस थांबलो.

बाभळीखाली पोचलो, तर गुलाल उधळला जात होता. कावळ्यानं पहिला हार माझ्याच गळ्यात घातला.

म्हातारी सुगरण एवढंच म्हणाली, "महाराज, त्यानं उगाच तारीख मागितली. तुम्ही होतातच की."